ललिताबाईंनी काढलेला दोरा

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. सदर बाजारातल्या ललिताबाईंसमोर मात्र हे म्हणू नका. चहा मिळणार नाही.

बालवाडीत मदतनीस असलेल्या या बाईंकडे शहाण्णव साली बालकल्याण मंडळानं शिवांजलीला सांभाळायला दिलं. आईबाप गेलेली, गडहिंग्लजकडची, कानडीच बोलणारी नऊ वर्षांची पोर. ललिताबाईंनी आल्या आल्या तिला न्हाऊ घातलं आणि गळ्यातला दोरा, त्याला बांधलेल्या कापडी पुरचुंडीसकट, काढून ठेवला. बाईंच्या वडिलांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्यांच्या घरात गंडेदोरे बंद होते. बाईंनी ते इमानानं पाळलं होतं.

पोर बिथरली. रोज सकाळी रिकाम्या डाव्या तळहाताकडे बघत पुटपुटायची, जेवायची नाही, उठवायला गेलं की चावायची. मंडळाचे अधिकारी चौकशीला आले, त्यांनाही चावली. झालं! डॉक्टरांचा दाखला जोडून तिला मनोरुग्णालयात ठेवण्याचा अर्ज कोर्टात गेला.

न्यायाधीशबाईंनी कागद वाचले आणि सही करण्याआधी विचारलं, "ही पहिल्यापासून अशीच आहे का?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं, ललिताबाईंनी स्वतःलाही नाही. खरं सांगावं तर पोर आपल्याकडून जाणार, गप्प बसावं तर वेड्यांच्यात जाणार.

"न्हाय, बाईसाहेब. मी तिचा ताईत काढला तवापास्नं. चूक माझी हाय. दुसऱ्या घरी द्या तिला, पर तिकडं धाडू नका."

मुलीचं सगळं सामान आणायला सांगितलं होतं, म्हणून पुरचुंडी पिशवीतच होती. न्यायाधीशबाईंनी ती उघडली. आत काळंभोर इष्टलिंग.

"हा ताईत नाही. लिंगायतांचा देव आहे. तळहातावर ठेवून पूजा झाल्याशिवाय ही माणसं जेवत नाहीत."

त्या एका प्रश्नाचे उपकार ललिताबाई आजही मानतात. पण तेव्हा त्या मान खाली घालून उभ्या होत्या. देवच काढून घेतला, आता कोण ठेवील पोरीला आपल्याकडे?

शिवांजलीनं लिंग डाव्या हातावर घेतलं. सगळं कोर्ट थांबलं. पूजा झाल्यावर तिनं ते नीट गुंडाळलं, ललिताबाईंपाशी आली, दोरा त्यांच्या हातात दिला आणि पाठ करून मान वाकवली.

"अव्वा, कट्टु," म्हणाली. आई, बांध.

ललिताबाईंना डोळ्यांतल्या पाण्यानं गाठ दिसेना.

न्यायाधीशबाई कारकुनाला म्हणाल्या, "अर्ज फेटाळला. लिहा, मुलगी आईकडेच राहील."