अण्णांचा फळा

कोल्हापुरातल्या आमच्या तालमीच्या भिंतीवर एक फळा आहे. युरोपातल्या फुटबॉल क्लबांची बाद फेरी सुरू झाली की तालमीतले सगळ्यात वयस्कर अण्णा त्यावर खडूनं सगळ्या जोड्या मांडतात आणि सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिंकलेल्या संघाचं नाव पुढच्या चौकटीत लिहितात. हरलेल्याचं नाव ते कधी पुसत नाहीत. म्हणतात, "खेळून गेलाय त्यो."

आज त्यांनी हरलेलाच संघ पुढे लिहिला. पहिला सामना त्या संघानं जिंकला होता, पण परतीच्या सामन्यात चार गोल खाऊन तो काल बाहेर पडला. तो सामना अण्णांनी आमच्याबरोबर शेवटपर्यंत पाहिला होता, पंचाला शिव्याही दिल्या होत्या.

अक्षर नेहमीसारखंच देखणं होतं. हातावरचा खडू झटकत त्यांनी मला विचारलं, "बरोबर हाय न्हवं?"

आम्ही पाच-सहा जण चहा घेत उभे होतो. एका ऑफसाइडवरून याच माणसानं आमच्याशी आठवडाभर वाद घातला आहे.

"बरोबर हाय, अण्णा," मी म्हणालो. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अण्णा खुशीत घरी गेले.

फळ्याला कुणी हात लावला नाही. माझं ते सोपं उत्तर मात्र दिवसभर टोचत राहिलं. चूक दाखवली असती तर ते तावातावानं भांडले असते, आणि भांडतो तो माणूस अजून मैदानात असतो. त्यांना दुखवायला नको म्हणून आम्ही हो म्हणालो, आणि त्यांच्याच फळ्यासमोर, त्यांना न सांगता, त्यांना बाद करून टाकलं.