चावला आणि चावरा

गुनवर ट्राम चालवायची. स्कर्ट घालून चालवणार नाही म्हणून डेपोत भांडली आणि पँटमध्येच निवृत्त झाली. स्वीडनमधल्या योतेबोर्गच्या आमच्या इमारतीत ती तळमजल्यावर राहते, मी तिच्या डोक्यावर. साहित्याची पदवी मिळाल्यापासून मला नोकरी नाही. गुनवरकडे कॉफी आणि दालचिनीचे बन मिळतात.

मुल्ले हा तिचा कुत्रा. म्हातारा, एका डोळ्याने आंधळा. मार्चमध्ये सोसायटीचा अध्यक्ष तोर्गनी याचा पाय त्याच्या शेपटीवर पडला, आणि मुल्लेचे दात तोर्गनीच्या पोटरीत रुतले.

वार्षिक सभेत स्वीडिशमध्ये ठराव आला: 'मुल्ले बीट्स.' तो मंजूर झाला असता तर कुत्र्याला इमारत सोडावी लागली असती. चावऱ्या कुत्र्यांना आमच्याकडे थारा नाही.

"एक शब्द बदल," गुनवर म्हणाली. "'बेट' लिही. चावला. 'बीट्स' म्हणजे चावरा. खाजकोलती कायमच डसते, म्हणून तिच्या क्रियापदाला सवयीचा 'स' लागतो; तो माझ्या कुत्र्याला चिकटवू नकोस."

"अगं, माझ्या पोटरीला काय फरक पडतो?"

"पोटरीला नाही, मुल्लेला पडतो. आयुष्यात एकदा चावलाय तो."

"एकदा चावला तो पुन्हा चावणार."

"जूनच्या सणाला तू पिऊन गुलाबाच्या वाफ्यात पडलास. म्हणून तुला दारुडा म्हणतो का आम्ही?"

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. तोर्गनीचे कान लाल झाले.

"मतदान," तो म्हणाला आणि त्याने हात वर केला.

गुनवरने तो हात धरला, खाली ओढला आणि ती मनगटाला चावली.

मी कपबशी धरून उभी होते. खाली ठेवायचं सुचेना.

"बेट!" तोर्गनी ओरडला. "ही बाई मला चावली! सगळ्यांनी पाहिलं!"

"काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"बेट! बेट!"

"मग तसंच लिही. माझंही, मुल्लेचंही."

हसू आवरेना तशी चिटणीसबाईंनी पेन उचललं. 'बीट्स' खोडलं, 'बेट' लिहिलं. एकदाच कुणाला चावलेल्या कुत्र्याला घालवायचा नियम आमच्याकडे नाही. मुल्ले राहिला.

जिन्यात मी विचारलं, "तो 'बीट्स' म्हणाला असता तर? ही बाई चावरी आहे, असं?"

"तर पुन्हा चावले असते," गुनवर म्हणाली. "निदान शब्द तरी खरा झाला असता."