आत्याने समितीला कोंडलं

माझी आत्या मनोरुग्णालयात मेट्रन आहे. नर्स म्हणून लागली तेव्हा आजोबा म्हणाले होते, "शहाण्यांना सांभाळून कंटाळलीस वाटतं." शहाणे म्हणजे आम्ही. आत्या हसून गेली ती तिथेच मुरली.

तिथली रीत अशी, की आत शिरलं की मागे न बघता दाराला कुलूप लावायचं. आत्याचा हात ते आपोआप करतो. घरी आतोबा बाथरूममध्ये असले तरी ती जाताजाता बाहेरून कडी लावते. आतोबा ओरडत नाहीत, नुसते खोकतात. आधी सभ्य, मग जरा दुखावलेले.

ह्याच आत्याने कित्येक वर्षं एकच धोशा लावला होता: बायकांच्या वॉर्डचं दार दिवसा उघडं ठेवा, त्यांना बागेत जाऊ द्या. प्रत्येक साहेब म्हणायचा, "बघू." कुणाचं "बघू" नाकातून, कुणाचं चहाच्या घोटातून. अखेर समिती बसली. आज नाही म्हणाले तर विषय कायमचा बंद, असं अधीक्षकांनी आत्याला बजावलं होतं.

बैठकीची खोली म्हणजे जुना वॉर्डच, कुलपंही तीच. आत्या सगळ्यांच्या शेवटी आत आली आणि कागद काढून वाचू लागली. आकडे, बायकांची मनोगतं. समिती जांभया देत होती. मधेच हिशेबनीस साहेब उठले. दार उघडेना.

"बाई, मला बाहेर जायचंय."

आत्या मान वर न करता, तिच्या त्या लोण्यासारख्या आवाजात म्हणाली, "आत्ताच तर आलात ना? बसा बरं शांत. सोडू हं थोड्या वेळाने."

आणि ते बसले.

मग सगळ्या माना आत्याकडे वळल्या. आत्याचा हात कमरेला गेला. किल्ली तिथेच होती. धावत जाऊन दार उघडत ती म्हणाली, "माफ करा, सवयीने लागलं."

अध्यक्ष टाळ्या वाजवायला लागले. "वा मेट्रनबाई, काय पटवून दिलंत."

"अहो, खरंच चुकून झालं."

"कळलं, कळलं," म्हणत त्यांनी डोळा मिचकावला. हिशेबनीस परत आले आणि सगळ्यांच्या आधी त्यांनीच सही केली.

घरी आत्या चपला न काढताच बसली. "माझ्या कामावर जांभया आणि चुकीवर सही. म्हणजे मी इतकी वर्षं केलं काय?"

"परवानगी परत करतेस का मग?" आतोबा म्हणाले.

"आणि ज्या हाताला अजून कुलूपच सुचतं, त्या हाताने दार उघडं ठेवायचं कसं?" म्हणत तिने चपला काढल्या.

सोमवारी वॉर्डचं दार उघडलं. कुणीच बाहेर पडेना. वॉर्डातल्या सगळ्यात जुन्या आजी उंबऱ्यापाशी आल्या.

"सिस्टर, दार लावायचं राहिलंय."

"राहू दे."

"मग आम्ही काय करायचं?"

आत्या एकटीच बागेत जाऊन बाकावर बसली. आजी उंबऱ्यातून बघत होत्या, हिला आज काय झालंय अशा नजरेने. शेवटी त्यांना राहवेना. आणखी दोघींना सोबत घेऊन त्या आत्याला आत न्यायला बाहेर आल्या.