बाळंतिणीचा खर्च

२०२० साली आम्ही भारतातून मूल दत्तक घ्यायचा अर्ज केला होता. लॉकडाऊन असल्यामुळे सोशल वर्कर बाई आमच्या मुलाखती व्हिडिओवरच घ्यायच्या. त्यातच यवतमाळहून तीन महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, विमानं बंद झाल्यामुळे इथे परदेशात, ब्लँचर्डस्टाउनमध्ये आमच्याकडे अडकल्या होत्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाशी बोलायचं असा नियम. म्हणून एका सकाळी सासूबाई ठेवणीतली साडी नेसून लॅपटॉपसमोर बसल्या. दुभाषी मी.

"दत्तक घेण्याबद्दल तुम्हाला काय वाटतं?" बाईंनी विचारलं.

"लेकरू येईन ते आमचंच," सासूबाई म्हणाल्या. "पन ज्या मायनं त्याले नऊ महिने वागवलं, तिच्या बाळंतपनाचा खर्च कोन करते? दवाखाना, औषधं, दूध-तूप... आपन नको का द्याले? डिंकाचे लाडू मी बांधतो."

जन्मदात्या आईला काहीही देणं गुन्हा आहे, हे आम्हाला प्रशिक्षणात बजावून सांगितलं होतं. मी गोड हसून भाषांतर केलं, "त्यांना फार आनंद झालाय."

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "काहून वं, मी एवढं बोलली अन् तू एवढ्यातच आटपलं?"

बाईंना मराठी येत नव्हती, पण सासवा कळत असाव्यात. "मला सगळं ऐकायचंय," त्या म्हणाल्या. नवरा चहाच्या निमित्तानं उठून गेला. मी सगळं सांगून टाकलं.

बाई गंभीर झाल्या. "पैसे दिले, तर त्या आईनं मनापासून हो म्हटलं की गरजेपोटी, हे कसं कळणार?"

सासूबाईंनी मान डोलावली. "बरोबर हाय तिचं. लेकरू काही बजारातलं वांगं नोहे."

मी वांग्यासकट भाषांतर केलं. बाई हसल्या. वाटलं, सुटलो.

"पन लाडू?"

"लाडूही नाही."

"पाच?"

"नाही."

"दोन?"

"एकही नाही." बाईंचे खांदे हलायला लागले होते.

"मंग इलेच देऊ का? लय वाळली दिसते."

अहवाल लिहिणाऱ्या बाईंना लाडू! त्याला लाच म्हणतात, असं मी दबक्या आवाजात सांगितलं. बाईंनीच तोडगा काढला. त्या आईला पत्र लिहा. पोचेल असं वचन देता येणार नाही, पण मूल मोठं झाल्यावर ते वाचेल.

दुपारी सासूबाईंनी पत्र सांगितलं, मी लिहून घेतलं. 'माय, थंड पान्यात हात घालू नको. डोक्याले फडकं बांध.'

"आई, मूल हे वाचेल तेव्हा अठरा वर्षांचं असेल," नवरा म्हणाला.

"मंग त्यालेही बांधाले सांग."

२०२१ मध्ये मंजुरी आली. अहवालात सासूबाईंना अख्खा परिच्छेद मिळाला होता, आम्हा दोघांना मिळून अर्धा. तोवर विमानंही सुरू झाली होती, पण त्या तिकीट काढू देईनात.

"लेकराचं तोंड पाह्यल्याबिगर मी हलत नाही," म्हणाल्या, आणि पाय पसरून सोफ्यावर बसल्या.