राशीआड बसलेला नवरा

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आयुष्यभर वेड्यात काढत आले. अजूनही काढते. त्यामुळे हे वाचून मला कुणी वेडी म्हणालं तर राग नाही...

कळव्याला खाडीकाठी आमचं मिठागर होतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. माझ्या नवऱ्याचं आणि त्याच्या चुलतभावाचं, गणपतचं, बांधावरून हाडवैर. त्या दुपारी मिठाची टोपली डोक्यावर घेऊन मी निघालेले, तोच गणपत कोयता घेऊन मागून आला. नवरा सापडला नाही, तर बायको!

पहिला वार खांद्यावर बसला. टोपली फेकून पळायचं, एवढी अक्कल मला होती. पण सांडलेलं मीठ देवाघरी पापण्यांनी वेचावं लागतं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. दोन्ही हात टोपलीला घट्ट... सोडवता सोडवेनात. पायही हलेनात. पुन्हा वार झाला, पुन्हा झाला - दुखलं काहीच नाही. गणपत शिव्या देत होता म्हणे, लांबच्या मिठागरापर्यंत ऐकू गेल्या; मला एकही ऐकू आली नाही.

आणि मग मीच मला दिसले. माझ्या मागे मिठाची रास होती, तिच्या माथ्यावरून बघावं तशी. टोपली धरून उभी बाई, तिची रक्ताने भिजलेली चोळी, गणपत. आणि राशीच्या आड उकिडवा बसलेला माझा नवरा. हाताशी फावडं. ओरडू नये म्हणून टॉवेलाचं टोक स्वतःच्याच तोंडात कोंबलेलं.

मग मी पडले. मीठ जखमांत गेलं आणि सगळं दुखणं एकदम आलं. मेले समजून गणपत निघून गेला.

ठाण्याच्या हॉस्पिटलात डॉक्टर म्हणाले, शॉकमध्ये असे भास होतात. मला पटलं... पटवून घ्यायचंच होतं. नवरा तर सगळ्यांना सांगत होता, की तो तेव्हा बाजारात होता. घरी आल्यावर मी हसत हसत त्याला टॉवेलाचं सांगितलं. "काहीतरीच काय" म्हणाला असता, तरी पुरे होतं मला.

तो पांढराफटक पडला. म्हणाला, "तुला कोनी सांगला? तुजी त पाठ होती माज्याकरं."

त्यानंतर तो माझ्या हातचं जेवला नाही. हिला भुताची बाधा झाली आहे, हिची भीती वाटते, असं माझ्या बापाला सांगून मला कल्याणला माहेरी सोडून गेला. गणपतशी मात्र पुढे समेट झाला. दोघं एका पंगतीला बसले, असं कानावर आलं.

पाठ होती, तर मला दिसलं कसं? याचं उत्तर आजवर कुणी दिलेलं नाही. दिसलं नसतं, तर जन्मभर त्याला गरम गरम वाढत राहिले असते.