चादरीचं दुसरं टोक

तिचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. पाणी, डबा, सासूची औषधं उरकून साडेपाचला ती कारखान्याच्या दारात हजर. हॉटेलांच्या चादरी धुणारा कारखाना. घडी दोघींनी घालायची. एक टोक तिच्याकडे, दुसरं माझ्याकडे. एकदम ताणायचं, झटकायचं, मग काठाला काठ जुळवायचा. शिफ्टला सहाशे चादरी. तिच्या घडीत सुरकुती सापडायची नाही, म्हणून सगळे तिला इस्त्री म्हणत.

आधीची दोन पोरं पाचव्या महिन्यात गेली होती. या खेपेलाही पाचवा लागला तरी ती ताणतच होती. एका सकाळी तिचं टोक सैल आलं.

"इस्त्री गार पडली का गं?" मी म्हणाले.

"कंबर भरून आलीय, मावशी. खाली जड जड वाटतंय."

"इथे कुणाची भरत नाही?"

ती हसली. सहाशे पुऱ्या केल्या आम्ही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात तपासलं तर गर्भाशयाचं तोंड उघडलेलं, पाण्याची पिशवी दिसत होती. डॉक्टरीणबाई चिडल्या. "आधीची दोन अशीच गेली ना? मग तिसऱ्या महिन्यातच यायचं. तोंडाला टाका तेव्हा घालतात."

"कंबर सगळ्यांचीच दुखते हो," ती म्हणाली.

"आता घालते. भरवसा देत नाही."

तासाभरात टाका पडला. मी रविवारी तिचा पगार घेऊन गेले. तिने तो उशीखाली सारला.

"मावशी, जन्मात पहिल्यांदा दुसरीने घडी घातलेल्या चादरीवर पडलेय. बघा, काठ तिरका."

"हसू नकोस, टाका तुटेल."

नवरा पायाशी बसला होता. "अजून सहा आठवडे निघाले तर काचेच्या पेटीत ठेवून वाचवतात म्हणे," तो म्हणाला. तिच्याकडे बघत नव्हता.

टाका अकरा दिवस टिकला. बाराव्या दिवशी ताप चढला, कळा आल्या, टाका कापावा लागला. मुलगी. ओंजळीएवढी. तासभरही राहिली नाही.

मी पोचले तेव्हा नर्सने गुंडाळायला चादर आणली. स्वच्छ होती. इस्त्रीने हात आडवा धरला.

"नको. कुणाकुणाच्या अंगाखालची असेल."

उशीखालचे पैसे तिने नवऱ्याला दिले. तो बाजारात जाऊन आला. तिने एक टोक धरलं, दुसरं माझ्या हातात दिलं. मी ताणलं नाही, झटकलंही नाही. काठाला काठ तिनेच जुळवला. एक मीटर पांढरं कापड, कोरं, कुणीच न वापरलेलं.