आवणीच्या दिवशी कामाचं शिबिर

कैनाडच्या आमच्या पाड्यावर सरकार आम्हाला कामाची सवय लावायला आलं, ते नेमकं आवणीच्या दिवसांत. म्हणजे बघा, भाताची रोपं उपटून चिखलात लावायची आणि तोंडावरची माशी हाकलायलाही हात मोकळा नाही, अशा दिवसांत.

चूक आमचीच. उन्हाळ्यात सर्वेवाली पोरगी मोबाइल घेऊन दारोदार विचारत आली होती, "तुम्ही काय काम करता?" आता आमच्यात मजुरी मिळते त्यालाच काम म्हणतात. शेत, गुरं, लाकडं, पाणी हे आपलं घरचं. मी तेव्हा मिरच्या तोडत होते. तोडता तोडताच म्हटलं, "काही नाही गो, घरीच असते." सगळ्या बायांनी हेच सांगितलं. तिच्या मोबाइलात अख्खा पाडा रिकामटेकडा निघाला.

मग निरोप आला, की महिन्याच्या सरकारी अनुदानावर किती दिवस बसणार, कामाला लागा. शिबिराला येणार नाही तिचं अनुदान बंद. विचार वाईट नव्हता हो, कामाला नाही कोण म्हणतंय? पण शिबिर आलं नेमकं माझ्या शेजारणीच्या सुनेच्या शेतातल्या आवणीच्या दिवशी.

ही पोर वर्षापूर्वी विधवा झालेली, लेकरं लहान. आमच्याकडे आवणी सावडीने चालते. आज सगळ्या तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, पैसे कोणी कोणाला द्यायचे नाहीत. ती सगळ्यांच्या शेतात राबून आली होती, आता तिच्या शेताचा नंबर. तो दिवस चुकला तर पुन्हा नंबर सगळ्यांच्या शेवटी, तोवर रोपं पिवळी. आणि शिबिर चुकलं तर अनुदान जाणार. रडवेली होऊन मला म्हणाली, "मावशी, वर्षाचा भात सोडू का महिन्याचा आधार?"

"काही सोडू नको. रोपं उपटून ठेव," मी म्हटलं.

ठरल्या दिवशी साहेब आले. समाजमंदिरात खुर्च्या मांडलेल्या, बाई एक नाही. मी पुढे होऊन सांगितलं, "साहेब, बाया शेतात तुमची वाट बघत बसल्यात." बसल्यात हे जरा खोटंच. पण साहेब आले बिचारे. त्यांना पोरीच्या शेताच्या बांधावर उभं केलं, डोक्यावर छत्री मी धरली.

"भगिनींनो, आळस आपला शत्रू आहे."

"हो सर," चिखलातून आवाज. माना खाली, हात चालू.

"सकाळी लवकर उठायची सवय लावा."

"किती वाजता उठू, सर?" एकीने विचारलं.

"सहाला."

"अगो बाई, सहापर्यंत झोपायचं? सासू ठेवेल का घरात?"

सगळ्या खोखो हसल्या. साहेबांना वाटलं, भाषण आवडलं. ते आणखी बोलले. ते मेहनतीवर बोलत होते तेव्हा वरचं खाचर लावून झालं, बचतीवर आले तेव्हा खालचं. शेवटी हजेरी घेऊन त्यांनी फोटो काढला.

पोरीचं अनुदान चालू राहिलं आणि भातही घरात आला. पुढे ती कसल्याशा दाखल्यासाठी डहाणूला कचेरीत गेली, तर भिंतीवर तोच फोटो. खाली लिहिलेलं, 'शिबिरानंतर महिला कामाला लागल्या.'

परवा रोपं टाकताना मला विचारते, "मावशी, ते साहेब यंदा येणार का?"

"का गो?"

"आपण सगळ्या गेलो ना त्यांच्या शिबिराला? मग सावडीने त्यांचा एक दिवस माझ्या शेतात यायचा राहिलाय. तेवढं सांगा त्यांना. आणि म्हणावं, बूट घालून येऊ नका."